कडेपासून दोन बोटं

जिच्याबद्दल लिहायला बसले ती गोधडी मी शिवली, पण तिच्यावरची रेघ माझी नव्हती. माझ्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोनं ती काढली होती. ती मानमोडीच्या तापाच्या साथीत गेली. वर्षाच्या आत मला लग्न करून जळगावजवळ असोद्याला आणलं. मी चौदा वर्षांची होते आणि तिची मुलगी चार वर्षांची.

उंबरा ओलांडला त्याच दिवशी सासूबाईंनी माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा लहानसा टाक बांधला. तो तिच्या नावाचा होता. दुसरी आली की पहिलीला असं गळ्यात वागवायचं, म्हणजे ती रुसत नाही. टाक गार होता. माझ्या अंगानं तो तापायला बराच वेळ लागला, हे मला अजून आठवतं.

माझं माहेर धुळ्याकडचं. तिथं मुलींच्या शाळेत चौथी झाले आणि शाळा सुटली. मी पहिल्यापासून भित्री. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की मी दाराआड व्हायची. सासरी बोलीही वेगळी निघाली. पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, "आत्याबाई, पानी भरेल शे."

"शे काय वं?" सासूबाई चुलीपासून ओरडल्या. "हाये म्हन! अठी शेवाल्याले भाकर भेटत नाई."

शेजारणी हसल्या. सासूबाई स्वतःही हसल्या आणि त्यांनी मला जास्तीची अर्धी भाकर वाढली. बाई वाईट नव्हत्या. मी मात्र त्यानंतर महिनाभर मान हलवूनच बोलले.

गोधडी माळ्यावर घडी करून ठेवली होती. ती अर्धीच झाली होती.

गोधडीवर रेघा मारायच्या म्हणजे आमच्याकडे आधी गेरू भिजवायचा. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, जे जड असेल ते ठेवायचं आणि लांब लांब कच्चे टाके घालून थर बसवायचे. मग सूत गेरूत बुडवून दोघींनी दोन टोकांना ताणून धरायचं आणि मधोमध चिमटीनं उचलून सोडायचं. सपकन आवाज होतो आणि कापडावर सरळ रेघ उमटते. मोठा गोल हवा तर ताट पालथं घालायचं, लहान हवा तर बांगडी. वेल, पान, पाखरू, जे सुतानं होत नाही ते कडुलिंबाच्या काडीचं टोक चावून त्याच्या कुंच्यानं काढायचं. हे सगळ्यांना जमत नाही. तिला जमायचं.

तिनं कडेनं केळीची पानं काढली होती. पानामागून पान, आणि सगळ्या पानांची मधली शीर एका लांब रेघेत. रेघ कुठं जाड नाही, कुठं बारीक नाही. दोन बाजू तिनं शिवूनही काढल्या होत्या. तिसऱ्या बाजूवर नुसता गेरू होता आणि चौथी कोरी. तिसऱ्या बाजूच्या मध्यावर एक पान निम्मंच होतं. तिथं ती सरळ रेघ एकदम खाली घसरली होती, कापडाच्या काठाकडे, वीतभर. काठापासून चार बोटं अलीकडे ती थांबली होती.

"तठी तिले हिव भरलं," सासूबाईंनी सांगितलं. "काडी हातातच व्हती. मी म्हनलं काय झालं वं, तं म्हने काही नाई, गार लागते. तिसऱ्या दिवशी गेली."

मुलीला ही रेघ पाठ होती. दुपारी ती गोधडी खाली काढायला लावायची आणि पालथी पडून बोट फिरवायची. पहिलं पान, दुसरं पान, कोपरा, मग पुढची बाजू, मग पुढची. घसरलेल्या जागी आलं की बोट सर्रकन खाली यायचं, उरलेल्या चार बोटांवरून उडी मारायचं, काठावरून जमिनीवर, आणि तिथून ती रांगत रांगत दारापर्यंत न्यायची.

"माय अठून बाहेर गेली," ती मला सांगायची. कोणी शेजारीण पाटी न्यायला आली होती हे सांगावं तसं.

मला ती "मावशी" म्हणायची. तसंच शिकवलं होतं.

फाल्गुनात कपाशीचं काम संपल्यावर सासूबाईंनी गोधडी माझ्यापुढे टाकली. "अर्धी गोधडी घरात ठेवू नाई. पुरी कर. आन् ते घसरेल पुसून टाक. सुतानं सरळ रेघ मार. ते पाह्यलं का मले तिचं हिव आठवते."

मी मान हलवली. पण पुसायला फडकं ओलं केलं आणि हात पुढे जाईना. मेलेल्या बाईनं शेवटची काढलेली रेघ, तिचा टाक माझ्या गळ्यात, आणि पुसायची मी. मला वाटलं, पुसली तर ती मला विचारील.

शाळेत शिवणाच्या बाईंनी आम्हाला एक गोष्ट शिकवली होती. कागदावर नक्षी काढायची, रेघेवरून सुईनं जवळ जवळ टोचे पाडायचे, कापडावर कागद ठेवायचा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून थापटायची. टोच्यांतून भुकटी खाली उतरते आणि तीच नक्षी कापडावर उमटते. एका कागदावरून कितीदाही. असोद्याला हे कोणाला माहीत नव्हतं. मी एकदा सांगायला गेले तर सासूबाई म्हणाल्या होत्या, "कापडाले कागद कायले?" मग मी तो विषय काढला नाही.

त्या दिवशी सासूबाई जळगावच्या बाजाराला गेल्या तेव्हा मी वहीची पानं खळीनं चिकटवून लांब केली, तेल लावून वाळवली, म्हणजे खालचं दिसतं. गोधडीच्या तिसऱ्या बाजूवर ती ठेवली आणि खालच्या गेरूवरून तिची सगळी रेघ कागदावर उतरवून घेतली. कापडाला सुई लागू नये म्हणून मधे जुनं लुगडं घालता येईना, खालचं दिसलं नसतं. म्हणून पेन्सिलीनं आधी गिरवलं आणि मग कागद उचलून टोचलं. घसरलेली वीतही टोचली.

मग कागद गुंडाळून माझ्या ट्रंकेत तळाशी ठेवला आणि रेघ पुसली. सुतानं सरळ मारली. शिवली. चौथी बाजूही काढली. माझी पानं तिच्यासारखी नव्हती, पण लांबून कळत नव्हतं.

गोधडी धुऊन, वाळवून मुलीच्या अंगावर घातली. तिनं बोट फिरवायला घेतलं. तिसऱ्या बाजूला येईपर्यंत ठीक होतं. मग बोट थांबलं. ते मागं गेलं, पुन्हा पुढं आलं.

"हे मायचं नाई," ती म्हणाली. "मायचं वाकडं व्हतं."

"सरळ केलं बाई, चांगलं दिसते," सासूबाई म्हणाल्या.

"मग माय कुठून बाहेर गेली?"

त्या दिवसापासून तिनं ती गोधडी अंगावर घेतली नाही. खाणंही कमी केलं. हट्ट केला असता, रडली असती तर बरं. ती नुसती भिंतीकडे तोंड करून पडायची. आठ दिवसांत तिचे गाल बसले. नवरा एक दिवस ओसरीवरून म्हणाला, "ही पन जाते का काय आता?" तो सहसा काही बोलत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई मुलीला घेऊन मळ्यात गेल्या. मी कागद काढला. तुराटीचा कोळसा वाटला, फडक्यात बांधला. तिसऱ्या बाजूचे ते टाके उसवले, कागद ठेवला आणि थापटलं. कागद उचलला तर ती घसरण जशीच्या तशी खाली होती, काळ्या ठिपक्यांची. मी ती तेवढ्याच वेळात शिवून काढली, बोटं टोचून घेत. कोळसा झटकला. गोधडी होती तशी घडी केली, कागद ट्रंकेत गेला.

मला मुलीला सांगायचं होतं. खरंच सांगायचं होतं की बघ, तुझ्या मायची रेघ मी ठेवली होती. पण ती मळ्यातून आली, घडी उलगडली, आणि अशी किंचाळली की सासूबाई हातातली घागर तशीच टाकून आल्या.

"माय आलती! माय आलती!"

सासूबाई खाली बसल्या. हात लावला, काढून घेतला. "म्या माह्या डोयानं पाह्यलं व्हतं. सरळ व्हतं." मग माझ्याकडे वळून विचारलं, "तू घरात व्हती ना वं? कोनी आलं व्हतं?"

तेवढाच क्षण होता. मी मान हलवली. कोणी नाही.

आता वाटतं, जीभ उचलायला कितीसं बळ लागलं असतं. पण मुलगी हसत होती. त्या दिवशी तिनं दोन वेळा ताक-भाकर मागून खाल्ली. आणि दुसरंही खरं आहे ते लिहिते, मला भीती होती की सासूबाई म्हणतील, मेलेल्या बाईचं सोंग घेते काय.

सासूबाईंनी तेव्हापासून पितृपक्षात तिचं ताट वेगळं काढायला सुरुवात केली. पुसायला आपण लावलं म्हणून ती आली, असं त्या म्हणायच्या. माझ्या गळ्यातला टाक त्यांनी चिंचेनं घासून दिला आणि त्याला कुंकू लावलं.

मुलीनं वेगळंच केलं. दुपारी खेळायला जाण्याआधी ती माझ्याकडे सुई घेऊन यायची. "मावशी, दोरा ओवून दे. मायले दिसत नसन." मी ओवून द्यायची. ती सुई गोधडीच्या त्या जागी टोचून ठेवायची आणि जायची. आल्यावर पाहायची. सुई तशीच असायची. पुन्हा दुसऱ्या दिवशी. असे तीन-चार महिने. रोज मी दोरा ओवत होते. पुन्हा कागद काढावा, काही पाखरू-फूल टाकावं असंही मनात येऊन गेलं. पण एकदा केलेल्याचंच मला ओझं झालं होतं.

मग एक दिवस मी विहिरीवरून धुणं घेऊन आले. मुलगी गोधडीशेजारी बसली होती. रडत नव्हती, हसत नव्हती. सासूबाई जात्यापाशी धान्य निवडत होत्या.

घसरलेली रेघ वाढली होती.

मी शिवली होती ती काठापासून चार बोटं अलीकडे संपत होती. मी स्वतः मोजली होती, तिनं जिथं काडी उचलली तिथपर्यंत, एक टाका जास्त नाही. आता काठापासून दोनच बोटं उरली होती. नवे टाके माझ्यासारखेच पांढऱ्या सुताचे होते.

माझ्या हातातला पिळा खाली पडला. पहिल्या वेळेला काय झालं ते जगात मला एकटीला माहीत होतं. म्हणून या वेळेला जितकी भीती मला वाटली तितकी दुसऱ्या कोणाला वाटणं शक्य नव्हतं. मी खोटी हाक मारली होती आणि कोणीतरी ओ दिली होती.

सासूबाईंनी येऊन पाहिलं, हात जोडले, पुन्हा निवडायला बसल्या. मुलीनं त्या दिवसापासून सुई ओवून मागितली नाही.

त्यानंतर मी त्या गोधडीला पाठ करून कधी बसले नाही. घरात काम करताना, केळीच्या मळ्यात वाऱ्यानं पानं वाजली की टाक गळ्याशी हलल्यासारखा वाटायचा. दर दोन-चार दिवसांनी मी जाऊन बोटं ठेवून पाहायची. दोन. काठापर्यंत रेघ पोचली की काय होईल, कोण बाहेर जाईल, ते मी मनातसुद्धा पुरतं म्हणत नसे. मला पुढं दोन मुलं झाली. प्रत्येक बाळंतपणात पहिल्या कळेसरशी मी उठून ती दोन बोटं मोजून आले.

कागदाचं तर नावच सोडा. गावात बायका रेघा मारायला मला बोलवू लागल्या, हात बरा होता. वेल काढण्यात दुपार जायची तेव्हा वाटायचं, एक कागद टोचला की दहा गोधड्या होतील. पण टोचलेला कागद एकदा कोणी पाहिला असता तर घरात सगळं कळलं असतं. मी जन्मभर सूत आणि काडीच वापरली.

सासूबाई गेल्या तेव्हा मी उशाशी होते. शेवटच्या दिवशी त्या म्हणाल्या, "तिच्या रेघीले म्या हात लावला. तिले सांगजो, पोरीसाठी लावला." मला वाटलं, पुसायला सांगितलं त्याबद्दल म्हणतात. मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं. त्यांना सोडवायला माझ्याकडे एक वाक्य होतं आणि मी त्यांना पाणी पाजलं.

मुलगी चौदाव्या वर्षी लग्न होऊन धुळ्याच्या देवपूरला गेली. गोधडी घेऊन गेली. माळा रिकामा झाला. मला हलकं वाटायला हवं होतं, पण मला उलट वाटू लागलं की आता दोन बोटं कोण मोजणार.

लढाईच्या दिवसांत, कापड रेशनवर होतं तेव्हा, तिचा निरोप आला. गोधडी विरली होती. तिच्या मुलीसाठी तिला तशीच नवी करायची होती, जुनी लुगडी तिनं साठवली होती, पण ती घसरण तिला काढता येत नव्हती. मावशीला पाठवा.

मी ट्रंकेतून कागद काढला, लुगड्याच्या घडीत घातला आणि चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला उतरले.

देवपूरच्या घरात तिची सासू दारातच भेटली. गप्पिष्ट बाई. "या इहीनबाई! पानी लेतस का?"

"हाये माह्याजवळ, गाडीत पेली मी," मी म्हटलं.

"हाये-हाये काय करतस हो? पोटबिट दुखस का? तुम्हनं माहेर आठलंच ना!"

आतून मुलगी हसली. "तिले शे म्हनानी चोरी व्हती हो आत्याबाई. भाकर नही भेटाव." तिच्या तोंडी आता पुरतं शे बसलं होतं आणि माझ्या तोंडी हाये. आम्ही दोघी बोलींची अदलाबदल करून बसलो होतो.

दुपारी सासू शेजारी गेली. मुलीनं गोधडी अंथरली. कापड जाळीसारखं झालं होतं. मी आधी बोटं ठेवली. दोन.

ती बघत होती. "अजून मोजस का?"

मला वाटत होतं, हे कोणाला माहीत नाही.

"ते दोन बोटं आजीनं करेल शेत, मावशी," ती म्हणाली. "तू इहिरवर गयती. मी पडेल व्हतू, डोया मिटीसन. आजी उनी, सुई लिनी, रडत रडत टाके घाले. माले बरं वाटावं म्हनीसन. मी काही बोलनू नही. नहीतं तिले वाईट वाटतं." तिनं त्या दोन बोटांच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. मग वर घसरलेल्या वितीकडे नेला. "पन हाई मायनं. हाई खरं शे. त्याच्यावरच मी वाढनू."

पंचवीस वर्षांची भीती एका वाक्यात गेली, आणि ती गेल्याचं उमजायच्या आधीच दुसरं वाक्य आलं. घरात सासू नव्हती, कोणी किंचाळत नव्हतं, कोणाची घागर पडत नव्हती. मान हलवून भागण्यासारखं काही नव्हतं. मी घडीतून कागद काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

तिनं तो उलगडला. उजेडाकडे धरला. टोच्यांतून ऊन आलं आणि तिच्या लुगड्यावर केळीची पानं पडली, ठिपक्याठिपक्यांची, आणि मधे ती घसरण. तिनं कागद खाली केला, पुन्हा वर केला. मग माझ्याकडे पाहिलं. ती रेघा मारणारीची मुलगी. तिला सांगावं लागलं नाही.

"तू," ती म्हणाली.

मी म्हटलं, "तू जेवत नव्हती."

ती उठून आत गेली. संध्याकाळी तिनं मला वाढलं, पाणी दिलं, अंथरूण घातलं, आणि एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिच्या सासूनं दोनदा विचारलं, "काय हो, मायलेकीस्नं भांडन शे का?" मी गाडीची वेळ विचारून ठेवली.

तिसऱ्या दिवशी मी पिशवी भरत होते तेव्हा ती चार लुगडी घेऊन आली आणि ती जमिनीवर टाकली.

"मी रोज सुई ठेवू," ती म्हणाली. "आनि तू रोज दोरा ओवी दे."

"हो."

"कसा जीव व्हयना तुन्हा?"

मी पिशवी खाली ठेवली. तिनं कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या ठेवले. मग कागद हातात घेतला आणि टोच्यांवरून बोट फिरवत विचारलं, "हाई बरोबर तिन्हा रेघवरच टोचेल शे? तू मनानं काही नही करं?"

"तिच्या रेघेवरच. कुठं हललं नाही."

"मंग धर कोपरा."

मी धरला. कोळसा तिनंच वाटून ठेवला होता. तिनं पुरचुंडी थापटली, सावकाश, एकेका पानावरून. टोचे जुने होऊन मोठे झाले होते, म्हणून रेघ थोडी पसरट उतरली. मधल्या पानापाशी आल्यावर तिचा हात थांबला, आणि मग तिनं ती वीतही थापटली. कागद उचलला. घसरण चार बोटं अलीकडे थांबली होती, तिच्या मायनं काडी उचलली तिथं.

मुलीनं काडी चावून गेरूत बुडवली आणि पुढची दोन बोटं आपल्या हातानं ओढली. "आजीनं," ती म्हणाली.

आता काठापर्यंत दोनच बोटं उरली होती. काडी तिच्या हातात होती. ती माझ्याकडे करील असं मला एक क्षण वाटलं, आणि मला ते नको होतं.

तिनं काडी गेरूच्या वाटीत ठेवली. "राहू दे तितलं," ती म्हणाली. "काठले लागनी ते ती जाई."

कागद मी तिच्याकडे ठेवून आले. परतताना चाळीसगावला गाडीची वाट बघत बसले होते. हात सवयीनं गळ्याशी गेला. टाक गार होता, पहिल्या दिवसासारखा. मी तो मुठीत धरून बसले, गाडी येईपर्यंत.